हळदीकुंकवाच्या दिवसांतला अबोला

थंडी पडली की आमच्या देवळाली प्रवऱ्याच्या रस्त्यांवर उसाचं पाचट उडायला लागतं. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, वळणावर घसरून पडलेलं एखादं टिपरं आणि ते उचलायला धावलेली शाळेतली पोरं. पाटाला पाण्याचं आवर्तन सुटलेलं असतं, त्यामुळे पहाटेचा गारवा ओला असतो आणि भर दुपारीसुद्धा सावलीत बसायचं तर शाल लागते. बाजारात सुगडं येतात. बोरं, गाजरं, हरभऱ्याचे घाटे, तिळाचा भाव, आणि यंदा वाण म्हणून काय लुटायचं, गाळण्या की वाट्या, यावर बायकांची घनघोर चर्चा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचे हे दिवस मला लहानपणापासून आवडत आले. अजूनही आवडतात. पण गेल्या वर्षीपासून पहिलं सुगड दिसलं की मला सुमनबाई आठवतात आणि घासात खडा आल्यासारखं होतं.

मी निवृत्त शिक्षिका. शाळेत मराठी शिकवायचे आणि स्नेहसंमेलनाची गाणी बसवायचे, कारण ती बसवायला दुसरं कोणी तयार नसायचं. निवृत्तीनंतर घरात भांडी आपटत बसण्यापेक्षा काहीतरी करावं म्हणून जुन्या बालवाडीची रिकामी खोली मागून घेतली. दर गुरुवारी दुपारी तिथे बायका जमतात. भिंतीवर अजून अननस आणि आगगाडी आहे, त्याखाली सतरंजी टाकून आम्ही गातो, कधी चित्रं काढतो, कधी एकमेकींच्या सासवांच्या नकला करतो. या सगळ्याला नाव काही नव्हतं. मग पुण्याच्या एका संस्थेची माणसं पाहायला आली आणि त्यांनी सांगितलं की हा 'समुदाय कला उपक्रम' आहे, यातून सर्वसमावेशकता आणि मानसिक स्वास्थ्य साधतं. ती गेल्यावर आमच्या जनाबाईंनी, ज्यांचे गुडघे दुखतात पण आवाज खणखणीत आहे, मला बाजूला घेऊन विचारलं, म्हंजी आपन येड्या हाय का म्याडम? मी म्हटलं, नाही हो, आपण समुदाय आहोत. त्यांचं काही समाधान झालं नाही.

पण खरं सांगायचं तर सर्वसमावेशक वगैरे आम्ही होतोच, फक्त शब्द माहीत नव्हता. नवरा गेलेल्या बायका गावातल्या हळदीकुंकवाला जात नाहीत. आमच्याकडे येतात, वाणही घेतात, कुंकू मी लावते आणि विचारत नाही. पहिल्या वर्षी यावरून दोघीजणी रागावून गेल्या होत्या. पुढच्याच महिन्यात परत आल्या, कारण गाणी दुसरीकडे कुठे मिळत नाहीत. ऐकू न येणारी एक मुलगी येते, ती सगळ्यांच्या तोंडाकडे बघत टाळ्यांनी ताल धरते आणि कोणी चुकलं तर डोळे वटारते. वर्ग उन्हं असतानाच सुटतो, कारण उसात बिबट्या आहे आणि वस्तीवर राहणाऱ्यांना अंधाराच्या आत घर गाठायचं असतं.

सुमनबाईंना त्यांची सून मनीषा घेऊन आली ती दिवाळीनंतर. सुमनबाई साठीच्या. राहुरी रोडला त्यांची वस्ती, ऊस, चार गाई. उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, पाय ओढत का होईना चालायला लागल्या, पण वाचा गेली. समोरच्याचं सगळं कळायचं. बोलायला गेल्या की ओठ हलायचे, 'त... त...' एवढंच यायचं, मग डोळ्यांत पाणी, मग राग. मनीषानं हे सगळं मला त्यांच्यासमोरच सांगितलं, आपल्याकडे आजाऱ्यासमोर सांगतात तसं, त्या जणू खोलीत नाहीतच. मनीषा तिशीतली, बी.ए. झालेली, चटपटीत. सासूला न्हाऊ घालण्यापासून वेणी घालण्यापर्यंत सगळं तीच करत होती, आणि ते तिच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांत दिसत होतं. घरात बसून बसून त्या चिडचिड्या झाल्यात, चार बायकांत बसतील तेवढंच बरं, असं तिचं म्हणणं. गाण्याबिण्याची तिची काही अपेक्षा नव्हती.

माझीही नव्हती. दोन-तीन गुरुवार सुमनबाई भिंतीला टेकून बसल्या आणि बघत राहिल्या. मग एकदा कुणाच्या तरी नातीचं बारसं जवळ आलं म्हणून आम्ही पाळणा म्हणत होतो, आणि मागून एक आवाज आला. जाड, थोडा घोगरा, पण सुरात. आणि शब्दांसकट. बायका चपापून गप्प झाल्या, तशी सुमनबाईही थांबल्या आणि आपल्याकडे सगळ्या का बघताहेत हे त्यांना कळेना. मी हातानं खूण केली, म्हणत राहा. पुन्हा पाळणा सुरू झाला, पुन्हा त्यांचा आवाज आला, कडव्यामागून कडवं, एकही शब्द न अडखळता. मनीषा पदर तोंडाला लावून रडत होती. मीही रडले. शिक्षिका म्हणून आयुष्यभर कोरडी राहिलेली बाई मी, पण त्या दिवशी मला स्वतःचा आणि त्या पडक्या बालवाडीचा फार अभिमान वाटला.

तिथून संक्रांतीपर्यंतचे दिवस चांगले गेले. सुमनबाई येताना केसात फूल माळून यायला लागल्या. गाणं संपलं की त्यांची जीभ पुन्हा अडायची, पाणी हवं असलं तरी तांब्याकडे बोट दाखवायच्या, पण चेहरा उजळलेला असायचा. माझ्या ओळखीच्या नगरच्या एका डॉक्टरांना मी फोन केला. ते म्हणाले, असं होतं. पाठ झालेलं, चालीत बसलेलं डोक्याच्या एका बाजूला राहतं आणि ताजं बोलणं दुसऱ्या बाजूला. यांची ती दुसरी बाजू गेली आहे. गाणं सुरू ठेवा, त्यातून कदाचित थोडंफार बोलणंही येईल, पण घाई करू नका. मी हे मनीषाला सांगितलं. तिनं मान डोलावली.

हळदीकुंकू आम्ही संक्रांतीनंतरच्या गुरुवारी केलं. अंगणात रांगोळी, पोरींच्या अंगावर काळ्या साड्या, कुणी गूळपोळ्या आणलेल्या. कुंकू झालं, वाण झालं, मग उखाण्यांची टूम निघाली. ज्यांना नवऱ्याचं नाव घ्यायचंय त्यांनी घ्यावं, बाकीच्यांनी गाणं म्हणावं, असा आमचा नियम. सुमनबाईंची पाळी आली तेव्हा मनीषा म्हणाली, त्यांना राहू द्या. पण सुमनबाई भिंतीचा आधार घेत उठल्या, डोक्यावरचा पदर डाव्या हातानं सारखा केला आणि म्हणाल्या,

"मुळेचं पाणी पाटानं आलं शेतात,
भाऊसाहेबांचं नाव घेते, हात त्यांच्या हातात."

मुळा नदीच्या पाण्याचा हा त्यांचा लग्नातला उखाणा. सून म्हणून त्या घरात आल्यावर उंबऱ्यात अडवून घ्यायला लावलेला, आणि मग पुढे प्रत्येक हळदीकुंकवात, डोहाळजेवणात, वास्तुशांतीत घेतलेला. जिभेला वळण पडलेलं. बायकांनी असा गलका केला की रस्त्यावरची माणसं डोकावली. कुणीतरी मोबाईल काढून त्यांना पुन्हा म्हणायला लावलं आणि त्यांनी पुन्हा म्हटलं, हसत, नवरीसारख्या लाजत. तो व्हिडिओ संध्याकाळपर्यंत गावाच्या ग्रुपवर गेला आणि तिथून भावकीच्या ग्रुपवर. खाली लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली आणि 'चमत्कार' असं लिहिलं.

चमत्काराचं एक वाईट असतं, त्याचा हिशेब दुसऱ्या दिवशी घरच्यांना मागितला जातो. पाठोपाठच्या गुरुवारी सुमनबाई आल्या नाहीत. मनीषाचा फोन लागेना. म्हणून मी तिळगुळाचा डबा घेतला आणि रिक्षानं त्यांच्या वस्तीवर गेले.

अंगणात बाजेवर भाऊसाहेब बसले होते आणि पाहुण्यांना मोबाईल दाखवत होते. साधा, कष्टाळू माणूस. त्यांच्या पिढीत बायको नवऱ्याला नावानं हाक मारत नाही. 'अहो' आणि 'इकडे' यांच्यावर संसार झालेला. आता मोबाईलमधून त्यांचं नाव पुन्हा पुन्हा येत होतं आणि त्यांना त्याचा मोठा आनंद होता. आलेल्या प्रत्येकासमोर ते बायकोला म्हणायचे, म्हण गं एकदा, आणि सुमनबाई म्हणायच्या. पाहुणे खूश व्हायचे, आणि उठता उठता म्हणायचे, बोलत्यात की मग चांगल्या, एरवीचं नाटकच म्हनायचं. भाऊसाहेबांच्या कानावर ते जायचं, पण मनापर्यंत पोचायचं नाही. सुनेच्या मनापर्यंत मात्र पोचत होतं.

मी गेले तेव्हा चहाची वेळ होती. सुमनबाईंचा मुलगा संदीप त्यांच्यासमोर कप घेऊन उकिडवा बसला होता. म्हणत होता, चहा म्हण आई, मग देतो. आवाजात चीड नव्हती. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की लाड केल्यावर माणूस आळशी होतं, अडवलं की बोलायला लागतं. सुमनबाईंनी तोंड उघडलं. 'त... त...' झालं. कपाळावर घाम आला. मग त्यांनी डोळे मिटले, डावा हात कपाकडे लांबवला आणि मुळेचं पाणी पाटानं आलं शेतात, असा अख्खा उखाणा म्हटला. चहासाठी. त्यांच्याकडे शब्दांचं तेवढंच एक गाठोडं उरलं होतं, तेच त्यांनी पुढे केलं.

"बघा म्याडम," संदीप माझ्याकडे वळून म्हणाला, "एवढं लांबलचक येतंय. आन् चहा येत न्हाई?"

मी त्याच्या हातातून कप घेतला आणि त्यांना दिला. त्यांनी तो डाव्या हातानं धरून एका दमात संपवला. मग मी बोलायला बसले. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. पाढे झोपेतसुद्धा म्हणता येतात पण बाजारातला हिशोब जागेपणीच करावा लागतो, तसं आहे हे, असं सांगितलं. त्या मुद्दाम करत नाहीत, त्यांना येतच नाही, हे चार तऱ्हांनी सांगितलं. संदीप हो हो म्हणाला. भाऊसाहेब हो हो म्हणाले. बाईमाणूस शिकलेलं असलं आणि घरी आलेलं असलं की आपल्याकडे त्याला हो म्हणायची रीत आहे, पटो न पटो.

मनीषा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. मी निघाले तशी मला रिक्षापर्यंत पोचवायला आली. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये बैलगाडीची चाकोरी. निम्म्या वाटेत ती थांबली.

"तुमी म्हंता ते खरं असंल," ती म्हणाली. "पर तुमाला एक ठावं न्हाई. आजारी पडायच्या आधल्या वर्साला मी राहुरीला मेडिकलमधी कामाला जाते म्हनले हुते. त्यांना पटलं न्हाई. त्यांनी माझ्याशी अबोला धरला. पितरांपासून दिवाळीपर्यंत एक शबुद बोलल्या न्हाईत. ताट वाढलं तर जेवायच्या, पर माझ्याकडं बघायच्या न्हाईत. मी कामाचं सोडलं, तवा बोलल्या." तिनं उसाचं एक पान ओढून मोडलं. "आता मी त्यांचं हागनं-मुतनं काढते. मामांचं नाव निगतं त्यांच्या तोंडून, पाळना निगतो. माझं नाव न्हाई निगत. मला काय वाटंल, सांगा."

अबोला म्हणजे काय हे मला माहीत आहे. माझ्या आईनं आणि काकूनं एका स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं धरलेला मी पाहिला आहे. मीठ हवं असलं तर मला मध्ये घालून मागायच्या, आणि दोघी हाताच्या अंतरावर असायच्या. आपल्या घरांत बाईच्या हातात फार हत्यारं नसतात. बोलणं बंद करणं हे त्यातलं एक आणि ते फार खोल लागतं. ज्या घरानं असा अबोला पाहिला आहे त्याला मेंदूच्या दोन बाजू कोण आणि कशा समजावणार? मनीषा अडाणी नव्हती, दुष्ट तर नव्हतीच. तिच्या अनुभवात सासूच्या गप्प बसण्याचा एकच अर्थ होता, आणि आता तिला पुरावाही मिळाला होता. तो पुरावा आमच्या बालवाडीत तयार झाला होता, याचं मला फार वाईट वाटत होतं.

त्यात पुण्याच्या संस्थेनं व्हिडिओ पाहिला. त्यांना आनंद होणं साहजिक होतं. न विचारता त्यांनी फ्लेक्स छापून पाठवला, मोठा, रंगीत, सुमनबाईंचा पदर सावरतानाचा फोटो आणि खाली 'कलेने परत दिली वाचा'. टेम्पोवाल्यानं तो बालवाडीच्या फाटकाला बांधूनही टाकला. मी पोचेपर्यंत अर्ध्या गावानं तो वाचला होता. मी विळ्यानं दोऱ्या कापून तो उतरवला आणि गुंडाळून कपाटामागे ठेवला. फोनवर त्या संस्थेच्या मुलीला सांगितलं की वाचा परत आलेली नाही, गाणं आलं आहे, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ती गोड आवाजात म्हणाली, पण मॅडम, लोकांना तेवढं बारकाईनं कुठं कळतं. ते मात्र तिचं अगदी बरोबर होतं.

रथसप्तमीच्या आसपास सुमनबाई पुन्हा आल्या. मनीषानंच आणलं. म्हणाली, इथं बसल्या की रात्री झोप तरी लागते त्यांना. आम्ही गाणी सुरू केली. पाळणा, मग दळणाच्या ओव्या, मग झिम्म्याची गाणी. सुमनबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते. मी खूण केली, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. डाव्या हाताची बोटं मांडीवर ताल धरत होती. ते लक्षात आल्यावर त्यांनी बोटंही मुठीत मिटली. मला वाटलं, पुन्हा झटका आला की काय. मनीषाला विचारलं तर ती म्हणाली, घरीही तसंच. पाहुण्यांसमोर मामा, म्हणजे सासरे, 'म्हण गं' म्हणाले तर तोंड फिरवतात. आता उखाणाही बंद, पाळणाही बंद. डॉक्टरांना दाखवून आणलं, ते म्हणाले नवीन काही नाही.

वर्षभर हे असंच चाललं. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, ऊस पुन्हा पुरुषभर वाढला. सुमनबाई येत राहिल्या आणि गप्प राहिल्या. घरात त्यांच्याशी वागणं मात्र मऊ झालं. मनीषाच सांगायची. आता संदीप चहा अडवत नाही, भावकीतल्या बायका नाटक म्हणत नाहीत, बिचारीची होती तीही वाचा गेली असं म्हणतात. मामा अजून कधीकधी तो व्हिडिओ लावतात, आवाज बारीक करून. ती हे सांगायची आणि मी मान हलवत राहायचे, पण माझं लक्ष नसायचं. माझ्या मनात एक शंका घर करून होती आणि तिचं काय करायचं ते मला समजत नव्हतं.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी मी लवकर पोचले. मनीषा सासूला रिक्षातून उतरवून, ओट्यावर बसवून बाजारात गेली होती. सुमनबाईंची पाठ माझ्याकडे होती. समोर रस्त्यावर ट्रॅक्टर थांबलेला, त्यावरचे ऊसतोडीचे टोळीवाले कुठे चहा प्यायला गेलेले. आणि सुमनबाई गात होत्या. अगदी हळू, स्वतःपुरतं, पाळण्याचं तिसरं कडवं, मग चौथं. ऊन त्यांच्या पाठीवर होतं आणि त्या किंचित डुलत होत्या. मी जिथं होते तिथंच उभी राहिले. मग कोपऱ्यावर मनीषाचा आवाज आला, कुणाशी तरी कोथिंबिरीवरून हुज्जत घालत असलेला, आणि कडवं मध्येच थांबलं. शब्द अडला म्हणून नाही. थांबवलं म्हणून.

तेव्हा मला सगळं एकदम लख्ख दिसलं. जी माणसं न बोलण्याला खोटं म्हणत होती त्यांच्यात खरं ठरायचं तर गाणं टाकून देणं एवढाच मार्ग या बाईला उरला होता. तिनं तो शोधला होता, एकटीनं, कुणाला विचारायचीही सोय नसताना. आम्ही तिला जे दिलं म्हणून फोटो काढले, ते तिनं आपणहून परत केलं होतं, चहाच्या कपासाठी आणि सुनेच्या नजरेसाठी. मी कुणाला काही बोलले नाही. बोलले असते तर तो आणखी एक पुरावा झाला असता.

या वर्षीचं हळदीकुंकू मागच्याच आठवड्यात झालं. उखाण्यांची टूम मी निघू दिली नाही. वाण वाटून झाल्यावर बायका पांगायला लागल्या, आणि मी अंगणात सतरंजी झटकत असताना मनीषा जवळ आली. आत सुमनबाई एकट्याच बसल्या होत्या.

"म्याडम, मला येक खरं सांगा," ती म्हणाली. "काल मी गोठ्यातून आले, तर मला त्यांचा आवाज आल्यागत झाला. मी दारात आले आन् बंद झाला. हा अबोलाच हाय ना?"

खोटं बोलावं असं एक क्षण मनात आलं. मग तिचा चेहरा पाहिला. त्यावर मागच्या वर्षीचा राग नव्हता. ती घाबरलेली होती.

"मागच्या वर्षी नव्हता," मी म्हटलं. "आता आहे."

सतरंजीचं एक टोक तिनं धरलं, आम्ही दोघींनी मिळून घडी घातली. मग ती आत गेली, सासूपुढे मांडी घालून बसली आणि डब्यातली एक वडी तिनं त्यांच्या डाव्या हातावर ठेवली. तिळगूळ घ्या, एवढं म्हणाली. पुढचे दोन शब्द आपल्याकडे बोबडं पोरसुद्धा न चुकता म्हणतं. मनीषानं ते म्हटले नाहीत.